दान एक, दारें अनेक

घरांतील जुनी पण चांगली वस्तु दुसऱ्यास देऊन टाकणें यासारखें सोपें काम नाहीं, अशी आमची पुष्कळ वर्षें समजूत होती. गतवर्षीं एप्रिल महिन्यांत ती समजूत दूर झाली. आमच्या मातोश्रींचें शिवणयंत्र घरांत पडून होतें. यंत्र पायानें चालविण्याचें. चाकाचा पट्टा तेवढा नवा घालावयास हवा, बाकी सर्व नीट. आम्हीं चार ओळींची सूचना लिहिली, खालीं यंत्राचें छायाचित्र जोडलें आणि मोबाइलवरील तीन समूहांवर, ज्यांस सर्व लोक ग्रुप म्हणतात, ती टाकून दिली. एक समूह आमच्या वसाहतीचा, एक मंडळीचा व एक माजी विद्यार्थ्यांचा.

संध्याकाळीं वसाहतींतील एक गृहस्थ आले आणि यंत्र घेऊन गेले. आपलें काम झालें असें समजून आम्ही स्वस्थ झोंपलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां एक बाई दारांत येऊन उभ्या राहिल्या. बाहेर भाड्याचा टेंपो उभा होता. मंडळीच्या समूहावरील सूचना त्यांस त्यांच्या वहिनीनें पाठविली होती. वहिनीस आम्हींच आदल्या दुपारीं ‘अवश्य या’ असें उत्तर दिलें होतें आणि संध्याकाळच्या गडबडींत तें साफ विसरलों होतों. “सर, तुम्हीच या म्हणालात ना?” एवढेंच त्या बोलल्या. टेंपोचें भाडें आम्ही देऊं केलें, तें त्यांनीं घेतलें नाहीं. त्यांनीं शिवणकामाचा वर्ग पुरा केला होता आणि घरीं बसून काम धरण्याचा त्यांचा विचार होता, हें आम्हांस मागाहून समजलें.

आम्ही खोटें बोललों नव्हतों, कोणाचा पैसा घेतला नव्हता. वस्तु एक असतां तिच्याविषयींचें वचन तीन ठिकाणीं पेरलें, एवढाच आमचा अपराध. हा अपराध आज गांवोगांवीं आणि देशोदेशीं घडत आहे, व तो आवरण्यासाठीं निरनिराळ्या लोकांनीं जे उपाय योजले ते विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगे आहेत, म्हणून हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनावर घेतलें.

अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत ट्युसॉन नांवाचें वाळवंटी शहर आहे. तेथें राइझ नांवाची एक लहान संस्था व्यापारी पेठेंतील टाकाऊ माल गोळा करून तो पुन्हां उपयोगांत आणण्याचें काम करी, आणि त्या कामावर गरजू लोकांस लावी. गोळा होणाऱ्या मालांत पुष्कळ वेळां धडधाकट वस्तूही येत. त्या कचऱ्यांत टाकवत नसत. म्हणून संस्थेचे लोक टेलिफोन करीत किंवा गाडी घेऊन या धर्मादाय संस्थेकडून त्या संस्थेकडे, ‘तुम्हांस हें हवें आहे काय?’ असें विचारीत हिंडत. त्या संस्थेंतील डेरॉन बील यांनीं १ मे २००३ रोजीं आपल्या तीस-चाळीस मित्रांस व कांहीं संस्थांस ई-मेलनें एक पत्र पाठविलें. ज्यास वस्तु द्यावयाची असेल त्यानें ती या पत्रव्यवहारांत जाहीर करावी, ज्यास हवी असेल त्यानें मागावी, आणि देणें सर्वस्वी फुकट असावें, अशी ती योजना होती. हिंडणारी गाडी थांबली आणि तिच्या जागीं सूचना हिंडूं लागली. याच उपक्रमास फ्रीसायकल म्हणतात. आज शंभराहून अधिक देशांत त्याच्या सुमारें पांच हजार स्थानिक शाखा आहेत. कचऱ्याच्या ढिगांत जाणारी वस्तु वांचवावी हा तिचा मूळ हेतु. गरिबास साहाय्य हें त्याच्या पोटांत येतें.

फ्रीसायकलच्या शाखांत सूचनेच्या डोक्यावर एक शब्द लिहिण्याची पद्धति पडली. देणें आहे; दिलें; हवें आहे; मिळालें. या चार शब्दांत सर्व हिशेब. आमच्या मतें यांतील सर्वांत मोलाचा शब्द दुसरा. पहिला शब्द लिहावयास सर्वांस उत्साह असतो; ‘दिलें’ हा शब्द लिहावयाची वेळ येते तों वस्तु घरांतून गेलेली असते आणि तिच्याबरोबर उत्साहही गेलेला असतो.

आतां अडचण कोठें येते तें पाहूं. शहर मोठें असलें म्हणजे शाखा पुष्कळ होतात आणि त्यांच्या सीमा एकमेकींत शिरतात. देणारा म्हणतो, तिन्हीं शाखांत लिहूं, म्हणजे पलंग रविवारच्या आंत उचलला जाईल. या करण्यास इंग्रजींतून क्रॉस-पोस्टिंग असें नांव आलें आहे. जो तिन्हीं शाखांचा सभासद आहे त्यास तोच पलंग तीन वेळां दिसतो, हा त्यांतल्या त्यांत किरकोळ त्रास. खरा घोटाळा पुढें आहे. तीन ठिकाणांहून मागणारे येतात, देणारा कोणास तरी होकार देतो, एका ठिकाणीं ‘दिलें’ असें लिहितो आणि उरलेल्या दोन ठिकाणीं पलंग तसाच उभा राहतो. मागणारेही असेंच करतात. एकास एकच खाट हवी असते, पण तो पांच ठिकाणीं मागतो, तीन ठिकाणांहून त्यास मिळते, आणि दोन खाटा जुन्या बाजारांत विकल्या जातात. अशा माणसास कोणी लबाड म्हणतील. आम्ही इतके कठोर होणार नाहीं. परंतु ज्याला एकही मिळाली नाहीं त्याच्या मनाची स्थिति काय होते तें आम्हीं आमच्या दारांत पाहिलें आहे.

क्रॉस-पोस्टिंग हा शब्द फ्रीसायकलहून बराच जुना आहे आणि त्याचा इतिहास फार बोधप्रद आहे. १९७९ साली अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनीं संगणकांमधून लेखांची देवघेव करण्याची एक योजना आंखली. १९८० पासून ती चालूं झाली. तिचें नांव युजनेट. तेथें विषयवार अनेक सभा असत आणि कोणीही आपला लेख सभेंत लावी. एकच लेख अनेक सभांत लावण्याची तेथें जी सोय होती ती खरोखर कौतुक करण्याजोगी होती. लेख संगणकांत एकदांच सांठविला जाई व त्यास एकच ओळखक्रमांक असे. वाचकानें तो एका सभेंत वाचला कीं दुसऱ्या सभेंत तो त्याच्यापुढें पुन्हां येत नसे. शिवाय लेख तीन सभांत लागला तरी त्यावरील उत्तरें एका ठराविक सभेंतच यावीं असें लेखकास नेमून देतां येई. बोलणें तीन ठिकाणीं, ऐकणें एका ठिकाणीं.

याच्या उलट, कोणी तोच मजकूर प्रत्येक सभेंत स्वतंत्र प्रत म्हणून टाकला तर त्या प्रतींस एकमेकींची ओळख राहत नसे. १२ एप्रिल १९९४ रोजीं फिनिक्स येथील एका वकील दांपत्यानें अमेरिकेंतील कायम वास्तव्याच्या परवान्याच्या सोडतीसंबंधीं आपली जाहिरात हजारों सभांत अशीच निरनिराळी टाकली. जो तो सभेंत जाईल तेथें तीच जाहिरात. लोकांचा संताप अनावर झाला. (फिनिक्सही ॲरिझोनांतच आहे. एकाच राज्यांतून हा उपद्रवही निघाला आणि नऊ वर्षांनीं फ्रीसायकलही.)

अशा उपद्रवाचें माप काय, हा प्रश्न पुढें उत्पन्न झाला, आणि सेथ ब्राइडबार्ट यांच्या नांवानें एक गणित रूढ झालें. आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांस तें सहज समजेल. प्रत्येक प्रत जितक्या सभांत लागली असेल त्या संख्येचें वर्गमूळ घ्यावें आणि सर्व प्रतींच्या वर्गमुळांची बेरीज करावी. समजा, सोळा सभांत मजकूर पोंचवावयाचा आहे. एकच प्रत सोळाही सभांत लावली तर १६ चें वर्गमूळ, म्हणजे ४. चार प्रती करून प्रत्येक प्रत चार सभांत लावली तर २ चार वेळां, म्हणजे ८. सोळा प्रती निरनिराळ्या टाकल्या तर १ सोळा वेळां, म्हणजे १६. वाचक तेच, सभा त्याच, मजकूर तोच; उपद्रव मात्र चौपट. पंचेचाळीस दिवसांच्या आंत ही बेरीज वीसपर्यंत गेली म्हणजे तो मजकूर काढून टाकण्यास योग्य समजत.

वर्गमूळ कां घेतलें असावें याचा विचार विद्यार्थ्यांनीं अवश्य करावा. पुष्कळांस सांगणें हा त्या हिशेबांत मोठा दोष ठरत नाहीं. एकाच गोष्टीच्या एकमेकींस अनोळखी अशा प्रती करणें, हा मोठा दोष ठरतो.

आपल्या सर्वांच्या हातांतील व्हॉट्सॲपवर युजनेटची ती सोय नाहीं. तेथें सूचना पुढें धाडली कीं नवी प्रत जन्मास येते. मूळ सूचना आपण सर्वांसाठीं पुसून टाकली तरी पुढें गेलेली प्रत तशीच राहते, आणि ती आणखी पुढें जाते. आमच्या शिवणयंत्राच्या किती प्रती झाल्या असतील देव जाणे. जून महिन्यांत एका अनोळखी गृहस्थांनीं ‘मशीन आहे का?’ म्हणून फोन केला होता. २०१८ साली भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये अशी मर्यादा त्या कंपनीनें घातली, ती अफवांमुळें. परंतु एका शिवणयंत्रास पांच प्रतीही पुष्कळच झाल्या.

मग एकाच समूहांत सूचना द्यावी असा नियम कां करूं नये? असा नियम करणारे लोक आहेत. २०१३ च्या जुलै महिन्यांत वॉशिंग्टन राज्यांतील बेनब्रिज बेटावर रिबेका रॉकफेलर व लीझल क्लार्क या दोन स्त्रियांनीं बाय नथिंग, म्हणजे ‘कांहीं विकत घेऊं नका’, या नांवाचा उपक्रम सुरू केला. त्यांच्या मूळ नियमाप्रमाणें मनुष्य जेथें राहतो तेथल्या एकाच समूहाचा त्यानें सभासद व्हावें, आणि समूह फार मोठा झाला तर त्याचे लहान समूह करावे. शेजाऱ्यानें शेजाऱ्यास ओळखावें हा त्यांचा हेतु. पहिल्यानें हात वर करील त्यास वस्तु देण्याचीही त्यांस घाई नसे. सूचना कांहीं काळ मंद आंचेवर राहूं द्यावी, चार मागणारे येऊं द्यावे, मग देणाऱ्यानें ठरवावें, अशी त्यांची शिकवण. ही शेवटची गोष्ट आम्हांस फार आवडली. दुपारीं रजा न मिळणाऱ्या माणसास तेवढीच संधि राहते.

एक मनुष्य, एक समूह, हा नियम क्रॉस-पोस्टिंग मुळापासून उपटून टाकतो यांत संशय नाहीं. परंतु आमच्या गांवाचा विचार केला म्हणजे मन थबकतें. आमच्या वसाहतींतले पाळणे, सायकली, कपाटें एका बंगल्यांतून दुसऱ्या बंगल्यांत फिरत राहतात, आणि नदीपलीकडील वस्तीस त्याची वार्ताही लागत नाहीं. त्या वस्तींतही समूह आहे. त्यावर देण्यासारखें फारसें कांहीं येत नाहीं, एवढेंच. त्या बाई नदीपलीकडच्या. सूचना तीन ठिकाणीं गेली म्हणूनच त्या आमच्या दारापर्यंत पोंचल्या. आम्हीं ती वसाहतीपुरती ठेवली असती तर त्यांची फजिती झाली नसती हें खरें. पण मग यंत्र देणें आहे हेंही त्यांस कधीं कळलें नसतें. सरसकट बंदी घालणें हें ॲडमिनला सोपें जातें, आणि गरजूला महाग पडतें.

ॲडमिन म्हणजे समूहाचा कारभारी. फ्रीसायकलमध्यें त्यास मॉडरेटर म्हणतात. काम तेंच, वेतन कांहीं नाहीं. पुष्कळ शाखांत नव्या सभासदाची सूचना तो आधीं वाचून पाहतो, मग सर्वांस दाखवितो. हे कारभारी आपल्या गांवची स्थिति स्वतः जाणतात, म्हणून दूरच्या कचेरीचे नियम त्यांस जाचूं लागतात. २००९ च्या सप्टेंबरांत ब्रिटनमधील अनेक शाखा याच कारणानें फ्रीसायकलमधून फुटून निघाल्या आणि त्यांनीं फ्रीगल नांवाची स्वतःची संघटना केली. तो तंटा येथें विस्तारानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

आमच्या मंडळीच्या समूहाच्या ॲडमिन एक निवृत्त परिचारिका आहेत. शिवणयंत्राचा प्रकार त्यांच्या कानीं गेला. समूहावर त्या एक अक्षर बोलल्या नाहींत. रविवारीं उपासना संपल्यावर आम्हांस बाजूला घेऊन त्यांनीं विचारलें, “सर, यंत्र तीन ठिकाणीं सांगितलंत, पण वही कोणत्या ठिकाणीं होती?” आम्हांस उत्तर सुचेना. त्या म्हणाल्या, “वॉर्डांत खाट एक आणि रोगी दोन असं कितीदां व्हायचं. ओपीडींतून चिठ्ठी यायची, अपघात विभागांतून यायची, मोठ्या डॉक्टरांचा फोन यायचा. खाट दिली कीं नाहीं हें एकाच वहींत लिहिलेलं असायचं, आणि ती वही माझ्या टेबलावर. चिठ्ठ्या कितीही येऊं देत.”

युजनेटच्या त्या सोयीचें याहून चांगलें भाषांतर आम्हांस करतां आलें नसतें. या बाई आपल्या समूहावर दुसरीकडे दिलेली सूचनाही येऊं देतात. मात्र ती आणखी कोठें कोठें दिली आहे हें सूचनेंतच लिहावें लागतें, आणि नांवें एकाच ठिकाणीं, एकाच माणसाकडे घ्यावीं लागतात. कोणास होकार दिला कीं ‘राखून ठेवली’ असें तत्काळ लिहावयाचें; वस्तु गेली कीं जेथें जेथें सूचना दिली तेथें तेथें जाऊन ती बंद करावयाची. वसाहतीचे व माजी विद्यार्थ्यांचे ॲडमिन यांच्याशीं त्यांचें फोनवर बोलणें असतें; त्यामुळें पांच ठिकाणीं खाट मागणारा त्यांच्या लवकर ध्यानांत येतो, आणि त्याला त्या खाजगींत विचारतात. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर ॲडमिनला दुसऱ्याचा निरोप काढून टाकण्याचा अधिकार आहे. तो अधिकार त्यांनीं आजवर दोनदांच वापरला असें त्या सांगतात. दोन्ही वेळां वस्तु विकत द्यावयाची होती आणि ‘फुकट’ असें लिहिलें होतें.

वांटप करणाऱ्याची ही अडचण आपल्या मंडळीस आरंभापासून परिचित आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत यरुशलेमांतील प्रसंग आहे. रोजच्या वांटपांत आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतें अशी ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनीं कुरकुर केली. दान पुरेसें नव्हतें असें तेथें म्हटलेलें नाहीं. तें सर्वांपर्यंत पोंचत नव्हतें. बारा प्रेषितांनीं वांटप बंद केलें नाहीं, कीं कुरकुर करणाऱ्यांस दटावलें नाहीं. सात माणसें निवडून घेतलीं आणि काम त्यांच्याकडे सोंपविलें. स्तेफन, फिलिप्प वगैरे सातही जणांचीं नांवें ग्रीक आहेत. यावरून ज्यांची तक्रार होती त्यांच्यांतूनच कारभारी निवडले असावे, असें अनेक विद्वान् अनुमान करतात. हा अध्याय आम्ही पुष्कळ वेळां शिकविला आहे, पण निवडीची ही बाजू आम्हांस शिवणयंत्रानंतर दिसली.

यंदा जून महिन्यांत शाळा उघडली तेव्हां जुनीं पाठ्यपुस्तकें, दप्तरें, गणवेश व कंपासपेट्या यांच्या देवघेवीसाठीं आम्हीं एक वही घातली. सूचना चार ठिकाणीं लागते: शाळेच्या फळ्यावर, पालकांच्या समूहावर, मंडळीच्या समूहावर आणि नदीपलीकडच्या वस्तीच्या समूहावर. चारही ठिकाणीं वस्तूचा क्रमांक एकच, आणि नांवें फक्त वहींत, मधल्या सुटींत, ग्रंथालयाच्या टेबलावर. नांव लिहिल्यावर तीन दिवसांत वस्तु नेली नाहीं तर ती पुढच्या नांवास जाते. वही सांभाळणारे पांच विद्यार्थी आहेत. त्यांतील तिघे नदीपलीकडचे. पहिल्या आठवड्यांत वसाहतींतील एका पालकांनीं, ‘आमच्याच मुलाचीं पुस्तकें आम्ही ज्यास द्यावयाचीं त्यास देऊं’ असें सांगितलें. त्यांस तसें करण्यास पूर्ण मुभा आहे. मग सूचना मात्र लावतां येत नाहीं. त्यांनीं विचार केला आणि पुस्तकें टेबलावर आणून ठेवलीं.

दोन चुका झाल्या. एकदां भूमितीचें एकच पुस्तक दोघींच्या नांवावर चढलें, कारण वही घरीं नेऊन कोणी दुसऱ्याच पानावर लिहिलें. तेव्हांपासून वही शाळेबाहेर जात नाहीं. दुसऱ्या वेळीं ‘दिलें’ असें चारांपैकीं तीनच ठिकाणीं लिहिलें गेलें, आणि चौथ्या ठिकाणाहून एक मुलगा पावसांतून चालत आला. त्याचें नांव पुढच्या दप्तरावर पहिलें लिहिलें आहे.

वहीच्या शेवटच्या पानापासून उलट बाजूनें ‘हवें आहे’ असा भाग सुरू होतो. त्यांतील पहिली नोंद आमच्या हातची आहे: शिवणयंत्र, पायानें चालविण्याचें, पट्टा नसला तरी चालेल. घेणाऱ्याच्या रकान्यांत त्या बाईंचें नांव त्यांच्या परवानगीनें लिहिलें आहे. ‘मिळालें’ हा रकाना अद्याप कोरा आहे.